म्हातारा कुत्रा घरी आणताय?
आठ-नऊ वर्षांचा लॅब्राडोर घ्यायचं ठरवलंत, छान केलंत. आधी थोडे दिवस फोस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरता सांभाळायला ठेवा; घरात मांजर असेल तर तिच्याशी जमतंय का तेही कळेल. आल्या आल्या रक्त तपासून घ्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), किडनी, लिव्हर. गोचीडतापाची चाचणी तर हवीच. या तापात प्लेटलेट्स उतरलेल्या असूनही कुत्रा वरवर ठणठणीत दिसू शकतो. डोळ्यांत निळसर झाक दिसली की लोक मोतीबिंदू म्हणून मोकळे होतात. बऱ्याचदा ते वयोमानाने घट्ट झालेलं भिंग असतं, नजर बरीचशी शाबूत असते. डॉक्टरांना दाखवा मात्र.

खरा वैरी म्हणजे आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्स. उठताना मागचे पाय फाकतात, सांधे आणखी दुखावतात, मग तो उठायचाच कंटाळा करतो. त्याच्या गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जुन्या योगा मॅट अंथरा, पंजांखालचे वाढलेले केस कापा. लंगडतोय म्हणून घरातली क्रोसिन किंवा ब्रुफेन चुकूनही देऊ नका; ब्रुफेनने पोटात अल्सर होतात, किडनी जाते.

"आता किती दिवस जगणार तो?" असं नातेवाईक विचारतीलच. चहा द्या नि विषय बदला. अचानक जास्त पाणी प्यायला लागला, तर मात्र लघवी आणि साखर लगेच तपासा.