तारीख उलटलेल्या दुधाचं करायचं काय?

प्रश्न : ताई, लग्नासाठी गावी गेलो होतो. परत येऊन बघते तर फ्रिजमध्ये दुधाच्या दोन पिशव्या तशाच राहिलेल्या. एकीची तारीख कालची, दुसरीची तीन दिवसांपूर्वीची. सासूबाई म्हणतात, 'फाडून वड्या करू, दूध कोणी टाकतं का?' मुलगी म्हणते, 'सगळं ओतून दे.' कपाटात एक टेट्रापॅकही सापडलाय, त्याचीही तारीख गेलीय आणि तो जरा फुगल्यासारखा वाटतो. नक्की काय करू? चेहऱ्याला लावलं तर चालेल का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : सासूबाईंचा जीव तुटतो तो मला समजतो. साताऱ्याकडच्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. पहाटे किटल्या घेऊन येणारे शेतकरी रोज बघितले की दूध ओतून देताना हात थांबतोच. तरीही या दोन पिशव्यांच्या वड्या करू नका.

सासूबाईंच्या आठवणीतलं नासलेलं दूध वेगळं होतं. ते कच्चं, त्याच दिवशीचं. उन्हाळ्यात उकळायला उशीर झाला की आंबट व्हायचं आणि गॅसवर ठेवलं की फाटायचं. ती आंबटपणा आणणाऱ्या जिवाणूंची करामत, दह्यातल्या जिवाणूंच्या भाऊबंदांची. पिशवीतलं दूध पाश्चराइज केलेलं असतं, म्हणजे साधारण 72 अंशांवर 15 सेकंद तापवून लगेच थंड केलेलं. त्यात हे आंबवणारे जिवाणू बहुतेक मरतात. पुढे फ्रिजच्या थंडीत वाढतात ते दुसरेच, आणि ते दूध आंबवण्याऐवजी कुजवतात. म्हणून जुनं पिशवीचं दूध कडवट लागतं, त्याला घाण वास येतो. काही जिवाणूंचं विष उकळूनही जात नाही, त्यामुळे 'चांगलं खळखळून उकळलं' एवढ्यावर भागत नाही.

तारखेच्या आतलं, वासाला स्वच्छ दूध तापवताना फाटलं, तर मात्र सासूबाईंचं ऐका. लगेच गाळून पनीर करा, साखर घालून आटवून वड्या करा, निवळीत कणीक भिजवा. प्रयोगशाळेत आम्ही दूध घेण्याआधी हेच बघायचो. परीक्षानळीत पाच मिलिलिटर दूध घालून ती उकळत्या पाण्यात पाच मिनिटं धरायची. गुठळी झाली की किटली परत. घरीही शंका आली तर पातेलंभर दूध गॅसवर चढवण्याआधी वाटीभर वेगळं तापवून बघा. पण तारीख उलटलेलं दूध या परीक्षेत पास झालं, तरी त्याला पोटाचा रस्ता दाखवू नका. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर विचारसुद्धा नको.

टेट्रापॅक फुगलाय म्हणता, तर तो फोडूच नका. आत वायू धरलाय. पिशवीत गुंडाळून कचऱ्यात टाका.

आता दोन पिशव्या. त्यांचा उत्तम उपयोग गॅलरीत होतो. दोडका, काकडी, भोपळा किंवा गुलाब लावला असेल, तर पानांवर पिठासारखी पांढरी भुरी येते ती तुम्ही पाहिली असेल. एक वाटी दूध, नऊ वाट्या पाणी, फडक्यातून दोनदा गाळून फवारणीच्या बाटलीत भरा. साय आणि गुठळ्या राहिल्या तर नोझल तुंबतं आणि पानावर वास मारणारा थर बसतो. सकाळी ऊन आल्यावर पानाच्या दोन्ही बाजू भिजतील असं फवारा, आठवड्यातून एकदा. दूध आणि ऊन एकत्र आले की भुरी मागे हटते. भुरी नुकती दिसू लागली असतानाच हे जमतं. पान पूर्ण पांढरं झालं असेल तर ते खुडून टाका. कोथिंबीर, पुदिन्यावर मात्र नको, ती पानं आपण कच्ची खातो. कुंडीत दूध नुसतं ओतू नका. माती आंबते, मुंग्या आणि चिलटं जमतात. कंपोस्टच्या डब्यातही नको, अळ्या पडतील.

दुसरा उपयोग तांब्या-पितळेचा. दूध व्हिनेगर घालून फाडा, गाळा. निवळीत चमचाभर मीठ घालून तांब्याचा हंडा किंवा समई काथ्याने घासा. आम्लामुळे काळपट थर सुटतो. चिंचेइतकं झटपट होत नाही, आणि नंतर साबणाने धुवायलाच हवं. कल्हईच्या भांड्याला आतून लावू नका.

चोथा उरला की नातवंडांना बोलवा. तो दोन पाण्यांतून धुवून घट्ट पिळा, चिमूटभर खायचा सोडा आणि थोडं कोमट पाणी घालून घोटा. फेस येतो, तो बसला की पांढरा डिंक तयार. दुधातल्या केसीन या प्रथिनाची ही करामत. पहिल्या महायुद्धातल्या लाकडी विमानांचे भाग असल्याच डिंकाने जोडत. घरी मात्र तो कागदाला चांगला, आणि दोन दिवसांत संपवायला हवा. त्यानंतर वास सुटतो.

चेहऱ्याला लावू नका. पुरळ किंवा बारीकशी जखम असली तरी जंतूंना वाट मिळते. मांजरालाही घालू नका.

पुढच्या वेळी गावी निघण्याआधी, तारीख शिल्लक असतानाच, पिशवी फ्रीझरमध्ये टाका. परत आल्यावर रात्रभर खालच्या कप्प्यात वितळू द्या आणि लगेच तापवा. किंचित पिवळट दिसेल, स्निग्धांश वेगळा झालेला असेल. चहाला, खिरीला चालतं. रोजच्या पिशव्या दारातल्या कप्प्यात ठेवू नका, दार उघडलं की तिथेच सगळ्यात आधी ऊब लागते. आत, मागच्या बाजूला ठेवा.