सेंट अँड्र्यूजचा सतरावा होल पाच फटक्यांत कसा खेळावा?

आपला प्रश्न असा आहे की, पुढच्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या मैदानावर गोल्फ खेळण्याचा योग येत आहे, हँडिकॅप (कुवतीनुसार मिळणाऱ्या सवलतीच्या फटक्यांची संख्या) १८ आहे, तर तेथील सतरावा होल (सुरुवातीच्या जागेपासून खळगीपर्यंतचा टप्पा), म्हणजेच ‘रोड होल’, कसा खेळावा. हा होल मी आजवर तीन वेळा खेळलो आहे आणि त्यासाठी अनुक्रमे आठ, सहा आणि पाच फटके घेतले आहेत. पुढे जे लिहीत आहे, ते बहुतांशी त्या आठ फटक्यांनी शिकवलेले आहे.

ब्रिटनच्या ‘ओपन’ स्पर्धेत हा पार ४ (म्हणजे चार फटक्यांत संपवणे अपेक्षित असलेला) होल ४९५ यार्डांचा असतो. २०१० पूर्वी तो ४५५ यार्डांचा होता. आपल्याला पुढे असलेल्या, कमी अंतराच्या टीवरून (पहिला फटका मारण्याच्या जागेवरून) खेळायला मिळेल, तरीही दोन फटक्यांत ग्रीन (खळगीभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) गाठणे आपल्यासारख्यांच्या आवाक्यातले नाही, आणि त्याची गरजही नाही. हँडिकॅप १८ म्हणजे प्रत्येक होलवर एक फटका सवलतीचा, त्यामुळे येथील पाच हे आपले चारच झाले. हा हिशेब टीवर उभे राहण्यापूर्वीच मनाशी पक्का करावा, कारण एकदा ते दृश्य समोर आले की हिशेब सुचत नाही.

टीवरून फेअरवे (ग्रीनकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) जवळजवळ दिसतच नाही. समोर जुन्या रेल्वे शेडच्या आकाराचे बांधकाम आहे, त्यावर हॉटेलचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे, आणि त्यातील कोणत्या अक्षरावरून चेंडू मारायचा हे कॅडी (सोबत चालणारा मदतनीस) सांगतो. (हॉटेलच्या खिडक्यांतून कोणी पाहत असेल का, हा विचार मनातून काढून टाकावा.) नामवंत खेळाडू उजवीकडची रेषा धरतात, कारण तेथून ग्रीनचे तोंड उघडे दिसते, पण उजवीकडे आउट ऑफ बाउंड्स (मैदानाबाहेरची, दंड होणारी हद्द) आहे, आणि तो धोका पत्करण्यात अर्थ असतो तो दुसऱ्याच फटक्यात ग्रीन गाठू पाहणाऱ्याला. आपण तिसऱ्या फटक्याने ग्रीनवर जाणार असल्यामुळे कॅडीने सांगितलेल्या अक्षराच्याही थोडे डावीकडे मारावे. चेंडू रफमध्ये (उंच गवतात) गेला तरी चालेल, तो खेळात राहिला म्हणजे झाले.

दुसरा फटका मात्र उजवीकडेच ठेवावा आणि ग्रीनच्या अलीकडे तीस-चाळीस यार्डांवर थांबवावा. हे ग्रीन अरुंद, उंचावलेले आणि तिरके आहे. त्याच्या डाव्या अंगात रोड बंकर (वाळूचा खड्डा) घुसलेला आहे, आणि मागे रस्ता व त्यापलीकडे दगडी भिंत आहे. बंकर आकाराने लहानच दिसतो, पण भोवतालचा उतार असा आहे की जवळून जाणारा चेंडू आपसूक आत ओढला जातो. १९७८ च्या ओपनमध्ये जपानचे टॉमी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर पोहोचले होते. तेथून त्यांनी पटरने (चेंडू जमिनीवरून घरंगळवण्याच्या काठीने) मारलेला चेंडू घरंगळत या बंकरमध्ये गेला आणि होल संपेपर्यंत नऊ फटके झाले. भीतीने लांब मारावे, तर मागचा रस्ता हा कोर्सचाच भाग मानला जातो आणि तेथून चेंडू फुकटात उचलता येत नाही. १९८४ मध्ये टॉम वॉटसन यांचा २-आयर्नचा (लांब पल्ल्याच्या काठीचा) फटका ग्रीन ओलांडून भिंतीजवळ गेला, बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) झाली, आणि ते विजेतेपद सेव्हे बॅलेस्टेरोस यांच्याकडे गेले. जगज्जेत्यांची ही गत, तर ग्रीनच्या अलीकडे थांबण्यात आपल्याला कसला कमीपणा!

माझी खरी चूक तिसऱ्या फटक्यात झाली. पुण्यात खेळताना मला वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या काठीने) चेंडू उंच उचलून हिरवळीवर अलगद थांबवण्याची सवय लागली होती, आणि आपल्याकडच्या मऊ जमिनीवर ते साधतेही. समुद्रकाठच्या त्या वाळूमिश्रित, टणक जमिनीवर तोच चेंडू एक उसळी घेऊन थेट रस्त्यावर गेला, आणि तेथून परतताना बंकरमध्ये. तेव्हा तीस यार्डांवरूनही निःसंकोच पटर काढावा. २०२२ च्या ओपनमध्ये कॅमेरॉन स्मिथ यांच्या आणि खळगीतल्या झेंड्याच्या मध्ये हाच बंकर होता. त्यांनी पटरने चेंडू बंकरला वळसा घालून ग्रीनवर चढवला, पार वाचवला (चारच फटक्यांत होल संपवला) आणि अखेर एका फटक्याने स्पर्धा जिंकली. झेंडा बंकरच्या मागे असेल, तर आपण झेंड्याकडे पाहूच नये. ग्रीनच्या उजव्या भागावर चेंडू चढवून तेथून पटरच्या दोन फटक्यांत होल संपवावा.

इतके करूनही बंकरमध्ये गेलात, तर समोरची गवती लाद्यांची उभी भिंत पार करण्याचा हट्ट धरू नये. बाजूला किंवा मागे, जिकडे वाट असेल तिकडे चेंडू बाहेर काढावा. चेंडू भिंतीला अगदी चिकटलेला असेल, तर २०१९ पासूनच्या नियमांनुसार दोन दंडाचे फटके घेऊन तो बंकरबाहेर, झेंडा व चेंडू यांच्या सरळ रेषेत मागे, टाकता येतो. मी त्या वेळी हट्ट सोडून चेंडू बाजूला काढला असता, तर कदाचित सातावर सुटलो असतो.

जाण्यापूर्वी महिनाभर आपल्या क्लबवर ग्रीनबाहेरच्या कापलेल्या गवतातून, वीस ते चाळीस यार्डांवरून, चढावर पटरने मारण्याचा सराव करावा. सुरुवातीला प्रत्येक चेंडू निम्म्यातच थांबेल, कारण पटर इतक्या जोराने फिरवण्याची हाताला सवय नसते.