रजेचं उत्तर सोपं आहे, पण त्या पॉलिसीचंही बोलू

प्रश्न : मी ३३ वर्षांचा, खासगी कंपनीत नोकरीला आहे. ग्रॉस पगार १ लाख ५ हजार, हातात ९२ हजार येतात. बेसिक ४० हजार. पत्नीही नोकरी करते, तिचा पगार ३८ हजार. २६ दिवसांपूर्वी आम्हाला मुलगी झाली. आमच्या कंपनीत वडिलांना दहा दिवस भरपगारी रजा मिळते, ती जन्मापासून तीन महिन्यांत घ्यावी लागते. पाच दिवस घेऊन झाले. पत्नीची रजा अजून साडेचार महिने आहे. मला आणखी सहा आठवडे घरी राहायचं आहे, बिनपगारी रजा घेऊन. परवडेल का? घरकर्जाचा हप्ता ३१ हजार, २८ लाख बाकी. एफडी १.१ लाख (आधी २.९ लाख होती, पण मुलीसाठी चाइल्ड प्लॅन घेतला, वर्षाला १.८ लाख, १२ वर्षं भरायचे). ३४ ईएल (साठलेल्या भरपगारी रजा) शिल्लक आहेत, पण त्या वर्षाअखेरीला विकायच्या आहेत. वडिलांसाठी तीन महिन्यांच्या रजेचा कायदा येतोय असंही ऐकलं. तोवर थांबू का?

उत्तर : हे उत्तर मी तुम्हाला त्याच रात्री मेलनं पाठवलं, कारण तुमच्या पत्रात दोन मुदती दडलेल्या आहेत आणि दोन्हींबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही. तुमच्या संमतीनं तेच इथे देतो आहे.

आधी तुम्ही विचारलेलं. सहा आठवडे बिनपगारी म्हणजे ४२ दिवस. दिवसाला ग्रॉस साडेतीन हजार धरा. हातात येणारे साधारण १.३ लाख जातील, पीएफमधला कंपनीचा वाटाही त्या प्रमाणात घटेल, आणि व्हेरिएबल पे हजर दिवसांवर असेल तर तिथेही कात्री लागेल. एफडी १.१ लाखाची. म्हणजे घरात तान्हं मूल, गंगाजळी शून्य आणि हप्ता चालू. नाही परवडत.

पण बिनपगारी रजा घ्यायचीच कशाला? ३४ ईएल पडून आहेत ना! त्या विकल्यात तर पैसे बेसिकवर मिळतात. ४० हजारांवर दिवसाचे साधारण तेराशे, कंपनी २६ दिवसांनी भागत असेल तर पंधराशे. त्यावर कर भरायचा तो वेगळाच, कारण नोकरीत असताना विकलेली रजा करपात्र असते. बिनपगारी रजा मात्र ग्रॉसवर कापली जाते, आणि सलग घेतली तर अनेक ठिकाणी मधले शनिवार-रविवारही कापतात. म्हणजे स्वतःचा दिवस तेराशेला विकायचा आणि तसाच दिवस साडेतीन हजारांना विकत घ्यायचा. हा व्यवहार दुसऱ्या कुणी सुचवला असता तर तुम्ही त्याला हसला असता.

उरलेले पाच दिवस पितृत्व रजेचे आणि २५ ईएल, पाच दिवसांचा आठवडा धरला तर झाले सहा आठवडे. पगार पूर्ण. वर नऊ ईएल शिल्लक राहतात, त्या विकू नका. पहिल्या वर्षात बाळाला ताप येतो, आणि तो सोमवारी सकाळी येतो.

हे सहा आठवडे सलग आणि आत्ताच हवेत का, तेवढं घरी बोला. पाच दिवसांना तीन महिन्यांची अट आहे, ते लवकर संपवा. ईएलला तशी अट नाही. मुलगी सव्वापाच महिन्यांची होईल तेव्हा पत्नी कामावर रुजू होणार, आणि खरी तारांबळ तेव्हा उडते. ते पहिले चार-पाच आठवडे तुम्ही घरी असलात तर पाळणाघराची सवय सावकाश लावता येईल. पत्नीच्या कंपनीत पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय देणं कायद्यानं कंपनीवर बंधनकारक आहे, तिला दिवसातून चार वेळा तिथे जाऊही द्यावं लागतं. हे एचआर आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. अर्थात तिला आत्ताच तुमची गरज जास्त असेल तर आत्ता घ्या. पैशाच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच.

कायद्याचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला दोन अपत्यांपर्यंत १५ दिवस भरपगारी पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीतल्या बापाला ती द्यायला लावणारा केंद्रीय कायदा नाही, जे मिळतं ते कंपनीच्या मर्जीवर. आईच्या २६ आठवड्यांमागे कायदा आहे, तुमच्या दहा दिवसांमागे एचआरचं धोरण. तीन महिन्यांची गोष्ट तुम्ही ऐकलीत ती बहुधा २०१७ च्या खासगी विधेयकाची. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी ते लोकसभेत मांडलं होतं. १५ दिवस, आणि ते तीन महिन्यांपर्यंत वाढवण्याची सोय, असंघटित कामगारांसाठीसुद्धा. विधेयक चांगलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. पुढे कधी झालाच तरी तुमची मुलगी तोवर २६ दिवसांची राहणार नाही.

आता कंसातलं वाक्य. 'मुलीसाठी चाइल्ड प्लॅन घेतला.' मी तुमच्याकडून पॉलिसीची पीडीएफ मागवली आणि ती कशी घेतलीत ते विचारलं. तुम्ही लिहिलंत : मुलगी चार दिवसांची होती, काविळीसाठी तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं, तुम्ही बाहेरच्या बाकावर बसला होता. बँकेतल्या मॅडमचा फोन आला. आधी अभिनंदन, मग 'सर, बेबीच्या फ्युचरचं काय प्लॅनिंग केलंय?' एफडी मोडली, ओटीपी दिला. संध्याकाळी पडताळणीच्या फोनवर सगळ्या प्रश्नांना 'हो' म्हटलंत, कारण त्याच वेळी नर्स हाक मारत होती.

मी तुम्हाला बोल लावत नाही. नव्या आई-बापांच्या फायली मी इतक्या पाहिल्या आहेत की पॉलिसीची तारीख बघून बाळाची जन्मतारीख सांगू शकतो. हे लोक त्या बाकावरच गाठतात.

मॅडमनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, 'अठराव्या वर्षी ५५ लाख.' पीडीएफमध्ये ५५ कुठेच नाहीत. त्यातल्या तक्त्यात दोन रकाने आहेत, चार टक्के आणि आठ टक्के. आठच्या रकान्यात अठराव्या वर्षी ४० लाख, चारच्या रकान्यात २६. आणि आठचा रकाना म्हणजे तुम्हाला आठ टक्के मिळतील असं नव्हे. ते कंपनीच्या गुंतवणुकीवरचं गृहीतक आहे, खर्च आणि कमिशन जायच्या आधीचं. तुम्ही भरणार २१.६ लाख. तुमचा प्रत्येक रुपया सरासरी साडेबारा वर्षं अडकतो. ४० लाख मिळाले तर परतावा पाच टक्क्यांच्या आसपास. २६ मिळाले तर दीड टक्का. दीड!

विमा किती? १८ लाख. कर्ज २८ लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर या पॉलिसीतून घरसुद्धा सुटत नाही. 'बाबा गेले तरी हप्ते कंपनी भरते' हे एक कलम चांगलं आहे, तेवढं मी मान्य करतो. पण ३८ हजार पगारात बायको ३१ हजारांचा हप्ता भरत असेल तेव्हा अठरा वर्षांनी येणारे पैसे काय कामाचे? शिवाय '८० सीमध्ये टॅक्स वाचेल' असंही सांगितलं म्हणे. तुम्ही नव्या करप्रणालीत आहात. तिथे ती वजावट मिळतच नाही.

सुदैवानं पॉलिसी येऊन पंधराच दिवस झाले आहेत. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, त्याला फ्री लुक म्हणतात. तेवढ्या दिवसांच्या विम्याची रक्कम, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी सगळे पैसे परत मिळतात. १.८ लाखांतले थोडेच जातील. अर्ज विमा कंपनीला करायचा, बँकेला नाही. कारण एका ओळीत लिहा : अटी मान्य नाहीत. सोबत पॉलिसी आणि रद्द केलेला चेक. पोच घ्या, मेलही करा. मग मॅडमचा फोन येईल, एक वर्ष तरी चालू द्या म्हणून. त्यांच्या साहेबांचाही येईल. 'निर्णय झालाय' म्हणून ठेवून द्या. कंपनीनं टाळाटाळ केली तर आधी तिच्या तक्रार विभागाकडे, नंतर विमा नियामक आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर, आणि तिथेही काही झालं नाही तर विमा लोकपालाकडे.

दुसरी मुदत याहून जवळ आहे. मुलीचं नाव ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये घातलं का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. बहुतेक कंपन्यांत जन्मापासून ३० दिवसांत कळवावं लागतं, नाहीतर नूतनीकरणापर्यंत थांबा. तुमचे २६ झाले. जन्मदाखला हातात नसेल तर रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर चालतं का ते उद्या सकाळी एचआरला विचारा. आधी हे, मग चहा.

परत आलेले पैसे पुन्हा एफडीत टाका. २.९ लाख म्हणजे तीन-एक महिन्यांचा खर्च. तो सहा महिन्यांचा होईपर्यंत मुलीच्या नावानं मोठं काहीही सुरू करू नका. स्वतःचा मात्र दीड कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे नुसता आयुर्विमा, लगेच घ्या, वय साठपर्यंत. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला पंधरा ते वीस हजार पडतील. सिगारेट असेल तर तसं लिहा, लपवलंत तर क्लेम अडकतो आणि भांडायला तुम्ही नसाल. विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली घ्या, म्हणजे ते पैसे बायको-मुलीचेच राहतात, देणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही.

गंगाजळी भरली की सुकन्या समृद्धी खातं. आत्ता अडीचशे रुपयांत उघडून ठेवलंत तरी चालेल. वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात, व्याज सध्या ८.२ टक्के, सरकार दर तिमाहीला ठरवतं. हिशेबाला आठ धरू. बारा वर्षं दीड-दीड लाख भरले, पुढे किमान रकमेवर खातं चालू ठेवलं, तर अठराव्या वर्षी ४८-४९ लाख दिसतील. म्हणजे मॅडमच्या योजनेपेक्षा वर्षाला तीस हजार कमी भरून आठ-नऊ लाख जास्त, आणि त्या तीस हजारांत टर्मचा हप्ता भागून वर काही उरतं. अडचण एकच. अठराव्या वर्षी शिक्षणासाठी निम्मेच काढता येतात, बाकीचे खातं एकवीस वर्षांचं झाल्यावर. म्हणून सगळं तिथेच कोंबू नका, थोडी एसआयपी इंडेक्स फंडात असू द्या. पण ते पुढच्या वर्षी बोलू, आत्ता त्याची घाई नाही.

एक राहिलं. पॉलिसीचा मेल 'मुलगी साधारण अकरा दिवसांची असताना' आला असं तुम्ही लिहिलंय. साधारण नको. इनबॉक्स उघडा आणि तारीख बघा.