वाचक विचारतात: लेबलवर नारळाचं झाडच का येतं?

गेल्या अंकात माईंड मॅपबद्दल मी जेमतेम दोन ओळी लिहिल्या होत्या, कागदाच्या मधोमध विषय लिहायचा आणि त्यातून फांद्या काढत जायचं, बस एवढंच. त्यावर इतकी पत्रं आलीत की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त हाच विषय घेतेय. जागेसाठी पत्रं थोडी कापलीयत, राग मानू नका.

प्रश्न: ताई नमस्कार. कुडाळजवळ आमचा दहा जणींचा बचत गट आहे, आम्ही कोकम आगळ (घट्ट रस) आणि आमसुलं विकतो. आजवर प्रेसवाल्याकडचं रेडिमेड लेबल लावत होतो, यंदा स्वतःचं करायचं ठरवलं. भाचीने सांगितलं म्हणून सगळ्या जणी बसून माईंड मॅप काढला. मधे कोकम लिहिलं आणि फांद्या आल्या त्या म्हणजे समुद्र, नारळ, होडी, कौलारू घर, सोलकढी, उन्हाळा. बाजारात जाऊन बघितलं तर प्रत्येक बाटलीवर हेच! मग त्या मॅपचा उपयोग काय झाला? (एक ताई, सिंधुदुर्ग)

उत्तर: ताई, तुमचा मॅप चुकलेला नाहीये, तुम्ही फक्त पहिल्या वळणावरूनच परत फिरलात. मधल्या शब्दाला लागून जे पहिले सहा-सात शब्द येतात ना, ते सगळ्यांचेच असतात. कोकम म्हटलं की कोकमाचं झाड जन्मात न बघितलेल्या माणसालाही समुद्र आणि नारळच सुचणार. ते शब्द खोडू नका, पण तिथे थांबूही नका, त्यातल्या प्रत्येकाला आता मधला शब्द समजा आणि त्याच्या फांद्या काढा, मग त्या फांद्यांच्या डहाळ्या. मला कामाचं काही सापडतं ते बहुतेक वेळा तिसऱ्या फेरीत, आणि तोवर हात दुखायला लागलेला असतो.

तुमचं पत्र वाचून मी स्वतः एक मोठा कागद घेऊन बसले. समुद्र, होडी ही सगळी नावं आहेत, म्हणून मी मुद्दाम क्रियापदं घेतली, म्हणजे कोकमाचं तुम्ही रोज करता काय? फोडता, बी काढता, साल रसात बुडवता, वाळवता, परत बुडवता, परत वाळवता. "फोडणे" मधून आलं बोटं. बोटांतून आलं नखं, डाग, साबण. आता या साबणापाशी जरा थांबूया. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून झाली की हात लालभडक होतात आणि साबण लावला की तोच रंग निळसर व्हायला लागतो, बघितलं असेलच तुम्ही. कोकमात अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते आंबटात लाल राहतं आणि साबणाच्या पाण्यात निळ्याकडे झुकतं. ही गोष्ट तुमच्या दहाही जणींना हातांनी माहितीय, ऑफिसात बसून लेबल करणाऱ्याला माहिती नाही. मग माझ्या कागदावर आलं ते असं की पांढरंशुभ्र लेबल आणि त्यावर फक्त दहा बोटांचे लाल-जांभळे डाग, प्रत्येकीचं एक बोट. ना झाड, ना होडी. आगळाला गडद रंग, आमसुलाच्या पाकिटाला काळपटाकडे झुकणारा, आणि उद्या सोलकढीचं काही काढलंत तर गुलाबी, म्हणजे पुढच्या सगळ्या मालाची रंगांची सोय त्या एका डहाळीतच झाली.

हेच करा असं मी म्हणत नाहीये हं, लेबल तुमचं आहे. तुम्ही परत बसा आणि "उन्हाळा" घ्या, त्यातून वाळवण, खळं, ढग, वळवाच्या आधीची ती धावपळ, सगळं येईल. "बी" घेतलंत तर मुठेल (कोकमाच्या बियांचं तेल) येईल, टाचांच्या भेगा येतील, आजी येईल. आगळाच्या बाटलीला ते चालणार नाही पण तो कागद जपून ठेवा, कधी मुठेल विकायला काढलंत तर निम्मं काम झालेलं असेल.

एक मात्र आधी करा. कागदाच्या कोपऱ्यात एक चौकट आखून लेबलवर जे द्यावंच लागतं ते त्यात लिहून टाका: एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) नंबर, शाकाहारीचा हिरवा ठिपका, घटक, माप, तारखा, एमआरपी, पत्ता. छोट्या बाटलीवर यालाच केवढी जागा लागते, आणि नंतर आठवलं की छान जमलेली आयडिया चेपून बसवावी लागते. त्या चौकटीत "ओला हात" हेही लिहा, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो आणि साधी शाई पसरते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे पण तो लोगो छापायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, ती झाली नसेल तर प्रेसवाला कितीही म्हणाला तरी छापू नका.

प्रश्न: मॅम, मी अप्लाइड आर्टच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्याकडे प्रत्येक असाइनमेंटला माईंड मॅपची शीट लावावीच लागते. मी खरं सांगू का, डिझाइन आधी करते आणि मॅप नंतर काढते, छान रंगवून, कॅलिग्राफी वगैरे करून, आणि त्याला मार्कही चांगले पडतात. हे चीटिंग आहे का? आणि कॉन्सेप्ट मॅप वेगळा असतो का, आमच्यात यावर वाद चाललाय. (विद्यार्थिनी, मुंबई)

उत्तर: अगं, खरं सांगितलंस हे फार आवडलं मला. चीटिंग म्हणत नाही मी, पण तू जे काढतेस तो मॅप नाही, झालेल्या प्रवासाचं चित्र आहे आणि त्यातही गाळलेल्या वाटा तू दाखवत नाहीस. खरा मॅप घाणेरडाच दिसतो, त्यात स्पेलिंग चुकलेलं असतं, एका बाजूला गर्दी आणि दुसरी बाजू रिकामी असते. ती रिकामी बाजू फार कामाची असते गं! समजा मधे "बसस्टॉप" आहे आणि आकार, मटेरियल, रंग या फांद्या भरगच्च पण "थांबणारी माणसं" या फांदीवर दोनच शब्द, तर कागदच तुला सांगतोय की आता उठ आणि स्टॉपवर जाऊन तासभर उभी राहा. नंतर काढलेल्या सुबक मॅपमध्ये सगळ्या फांद्या सारख्या भरलेल्या असतात, त्यामुळे तो तुला काहीच सांगत नाही. असं कर, कच्चा मॅप पेन्सिलने आधी काढ, अलार्म लावून दहा मिनिटं, हात थांबवायचा नाही आणि खोडरबर टेबलावर ठेवायचंच नाही. शीट म्हणून तोच लाव, नाहीतर रंगवलेल्याच्या शेजारी तरी लाव. मी पोर्टफोलिओ बघायला बसते तेव्हा माझा सगळ्यात जास्त वेळ अशा कच्च्या कागदावर जातो.

आता तुमचा वाद. माईंड मॅप हे नाव पसरवलं ते ब्रिटनच्या टोनी बुझान यांनी, १९७४ मध्ये बीबीसीवर त्यांची मालिका आली तेव्हापासून. फांद्या काढून विचार मांडायची पद्धत त्याच्या कितीतरी आधीची आहे, तिसऱ्या शतकातल्या पॉर्फिरी या तत्त्वज्ञाच्या नावाने अशा मांडणीचं झाड ओळखलं जातं. बुझानचे नियम म्हणजे कागद आडवा, मधे चित्र, रंग वापरा आणि एका रेषेवर एकच शब्द. यातला शेवटचा मी काटेकोर पाळते, बाकीचे मूडप्रमाणे. कारण "पावसात भिजत उभी असलेली म्हातारी बाई" असं लिहिलंस की चित्र पूर्ण झालं, त्याला पुढे फांदी फुटत नाही. नुसतं "भिजणे" लिहिलंस की पिशवी, चष्मा, वह्या, बाकडं, पत्रा असं कुठेही जाता येतं. कॉन्सेप्ट मॅप मात्र वेगळा, तो जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिक्षणासाठी तयार केला. त्यात दोन शब्दांना जोडणाऱ्या रेषेवरही संबंध लिहायचा असतो, "मुळे होतो", "चा प्रकार आहे" असं. समजून घ्यायला तो चांगला, सुचण्यासाठी माईंड मॅप. परीक्षेचा अभ्यास करशील तेव्हा कॉन्सेप्ट मॅप वापर.

प्रश्न: मोबाइलवर करावं की कागदावर? माईंड मॅपचं एक्समाइंड अॅप घेतलंय, पण मजा येत नाही. (इंटिरियर डिझायनर, नाशिक)

उत्तर: सुरुवात कागदावर, शक्यतो ए-थ्री. अॅपमध्ये प्रत्येक शब्दाला आपोआप नीट चौकोन मिळतो, मग आपण शब्द सोडून चौकोनच सरळ करत बसतो आणि त्यात लय तुटते. शिवाय कागदावर मधेच कोपऱ्यात खुर्चीचा पाय काढता येतो, तुमच्या कामात तर ते पाहिजेच. पण क्लायंटला दाखवायचं असेल, किंवा अर्धी टीम दुसऱ्या गावात असेल, तर कागदाचा फोटो समोर ठेवून एक्समाइंडमध्ये नाहीतर मिरो या ऑनलाइन फळ्यावर उतरवा, तिथे फांदी उचलून दुसरीकडे लावता येते आणि ते सुख कागदावर नाही. फुकटात हवं असेल तर फ्रीप्लेन आहे, कॉम्प्युटरवर छान चालतं.

प्रश्न: आमचं पुण्यातलं छोटं मंडळ, यंदाच्या देखाव्याचा विषय पाणी. बजेट सगळं मिळून चाळीस हजार. मीटिंगमध्ये व्हाईटबोर्डवर मॅप काढला, ऐंशीच्या वर शब्द झाले, सगळे खूश. पण आता पुढे काय ते कळेना, प्रत्येक जण आपापल्या शब्दाला चिकटून बसलाय. आणि अध्यक्ष बोलले की बाकीचे गप्प. (कार्यकर्ता, पुणे)

उत्तर: दादा, आधी अध्यक्षांचं बघू. पुढच्या वेळी सुरुवातीला कुणी बोलायचंच नाही, फक्त लिहायचं. बर्न्ड रोहरबाख नावाच्या जर्मन माणसाने १९६८ मध्ये अशी एक पद्धत मांडली, सहा जण बसतात, प्रत्येकाने पाच मिनिटांत तीन कल्पना लिहायच्या आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा, शेजारी त्या वाचून आणखी तीन लिहितो. अर्ध्या तासात १०८ कल्पना होतात आणि कुणाचा आवाज मोठा आहे याने काही फरक पडत नाही. अध्यक्षही त्यात बसतील, त्यांच्यासारखाच कागद सगळ्यांकडे.

आता ते ऐंशी शब्द. फळ्याचा फोटो काढा आणि प्रत्येक शब्द वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सतरंजीवर पसरा. जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञाने नेपाळमधल्या पाहणीत ढिगाने जमलेल्या नोंदी लावण्यासाठी असंच काहीसं केलं होतं, पुढे त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला केजे पद्धत म्हणायला लागले. त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची, आधी नावं ठरवून त्यात चिठ्ठ्या कोंबायच्या नाहीत, ज्या जवळच्या वाटतात त्या शेजारी ठेवायच्या आणि ढीग जमला की मगच त्याला नाव द्यायचं. नाहीतर "सामाजिक", "ऐतिहासिक", "पर्यावरण" असे तीन ढीग होतात आणि तुम्ही होता तिथेच.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला दोन शब्द दिसले, एकमेकांपासून लांब. एका कोपऱ्यात टँकरच्या फांदीवर "रांग", दुसऱ्या कोपऱ्यात पेशवाईच्या फांदीवर "हौद". कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळातून शहरातल्या हौदांपर्यंत यायचं, अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात ते काम झालं, आणि आज त्याच पेठांमधली माणसं बदामी हौद, फडके हौद ही नावं पत्ता सांगायला वापरतात. या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवा. तेव्हाचा हौद आणि आजची कॅनची रांग, एकाच चौथऱ्यावर. मॅपचा खरा फायदा मला इथेच वाटतो, शेजारच्या फांद्या सगळेच जोडतात, लांबच्या दोन जोडल्या की काहीतरी हाती लागतं. असे चार-पाच जोड काढा आणि मग प्रत्येकाला कडक प्रश्न विचारा. चाळीस हजारात बसतं का? कार्यकर्ते संध्याकाळी कामावरून येऊन जेवढे दिवस देऊ शकतात तेवढ्यात होईल का? थर्माकोल सोडून करता येतं का, २०१८ पासून त्याच्या सजावटीला राज्यात बंदी आहे. आणि रांगेत दोन मिनिटं थांबलेल्या पोराला निवेदन न ऐकता समजेल का? जे उरेल त्याची काड्यापेटीएवढी चित्रं काढा, एकेकाची तीन, वाईट आली तरी चालतील. वाद शब्दांवर होतो तेवढा चित्रांवर होत नाही हे मी बऱ्याच मीटिंगांत बघितलंय.

आणि हौदच करायचं ठरलं तर मंडप घालायच्या आधी एका रविवारी सकाळी चार-पाच जण मिळून पेठांतून पायी फिरा, एका हौदाच्या जागेवरून दुसऱ्या, जुन्या वाड्यात राहिलेल्या आजी-आजोबांना गाठा आणि त्यांच्या तोंडून येणारे शब्द तसेच्या तसे टिपून आणा, घागर कुठली, दोर कसला, पाण्याची चव कशी लागायची. तेवढ्या चिठ्ठ्या सतरंजीवर वाढवा, आणि मग मला परत एक फोटो पाठवा.