डॅन्यूबची बोट आणि ६ लाखांचा तिसरा हप्ता

नाशिकहून एका काकांचं पत्र आलंय, आधी ते थोडक्यात सांगतो. काकांचं ६१ संपत आलंय, सातपूरच्या एका कंपनीतून पावणेदोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. काकू ५८, खासगी शाळेत भूगोल शिकवायच्या, पेन्शन नाही. मुलगी पुण्यात, तिचं सगळं छान चाललंय. काकूंनी आयुष्यभर वर्गात नकाशावर छडी फिरवून डॅन्यूब दाखवली, दहा देश पाठ करून घेतले, आणि आता ती नदी एकदा बोटीतून बघायचीय. टूर कंपनीचं कोटेशन असं, ११ दिवस, त्यात ७ रात्री क्रूझवर पासाऊ ते बुडापेस्ट, २ रात्री प्राग, विमानासकट दोघांचे साडेनऊ लाख. ३१ तारखेच्या आत बुक केलं तर ४० हजार कमी. प्रश्न एवढाच की एफडी मोडून आत्ता जावं, की पुढच्या वर्षी बँकेतून घेतलेल्या विमा पॉलिसीचं गॅरंटीड इन्कम सुरू होईल, वर्षाला ९ लाख ६० हजार, त्यातून जावं.

काका, ते शेवटचं वाक्य वाचलं आणि मी क्रूझ बाजूला ठेवून तुम्ही जोडलेली पॉलिसीची पीडीएफ उघडली. पुढच्या वर्षी काहीही सुरू होणार नाहीये. तुमच्या बँकेतल्या आरएमने, म्हणजे रिलेशनशिप मॅनेजरने, "दोन वर्षांनी इन्कम चालू" असं सांगितलं म्हणता, ते दोन वर्ष म्हणजे १० वर्ष हप्ते भरून झाल्यावरची दोन वर्ष. दर वर्षी ६ लाख, असे दहा हप्ते, मग थांबायचं, आणि बाराव्या वर्षाच्या शेवटी पहिले ९ लाख ६० हजार. तेव्हा तुम्ही ७२ चे असाल. मिळणार दहा वर्ष, म्हणजे ८१ पर्यंत. जरा विचार करा ना, वर्षाला ६ लाख घेऊन तिसऱ्या वर्षापासून वर्षाला साडेनऊ लाख परत देणारी कंपनी असती तर मी हे लिहीत बसलो असतो का?

"६० भरा ९६ मिळवा, ६० टक्के नफा, टॅक्स फ्री, एफडीसारखंच" असं तुम्हाला कागदावर लिहून दिलंय. हिशोब करून बघितला, पैसे कधी जातात आणि कधी येतात ते धरलं तर वर्षाला बरोबर ४ टक्के पडतात. बचत खात्याच्या जरा वर. आणि टॅक्स फ्री पण नाही, कारण १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा पॉलिसीचा वार्षिक हप्ता ५ लाखांच्या वर असेल तर मिळणारी रक्कम करमुक्त राहत नाही, तुमचा ६ आहे. ५ चा विकला असता तरी त्या आरएम मुलाचं टार्गेट झालं असतं, पण त्याला ६ हवा होता.

पण ४ टक्के ही खरी अडचण नाहीये. खरी अडचण ही की तुम्ही हे हप्ते भरूच शकत नाही. तुमचे सगळे आकडे एकत्र मांडतो. सीनियर सिटिझन स्कीममध्ये ३० लाख, ८.२ टक्क्यांनी तिमाहीला साडेएकसष्ट हजार, म्हणजे महिना साडेवीस. एफडी २४ लाख, ७ टक्के धरा, महिना १४. ईपीएसचे, म्हणजे पीएफवाल्या पेन्शनचे, साडेतीन. झाले ३८ हजार. घरखर्च तुम्हीच ४५ लिहिलाय. म्हणजे हप्ता सोडूनच महिन्याला ७ हजार कमी पडतायत, वर्षाला ८४ हजार. बचत खात्यात ६ लाख आहेत ते नोव्हेंबरच्या तिसऱ्या हप्त्यासाठी ठेवलेत म्हणता. ठीक, तिसरा गेला. चौथा, पाचवा, सहावा एफडीतून, आणि एफडी मोडत गेली की व्याज कमी, तूट जास्त. सहावा हप्ता भरून झाला की हाताशी दोनेक लाख, ते वर्षभराच्या खर्चातच जाणार, आणि सातव्याला सीनियर सिटिझनचे पैसे काढावे लागणार, म्हणजे ज्या पैशावर घर चालतंय तेच. उरलेले आठ हप्ते म्हणजे ४८ लाख. कुठून आणणार होतात? हे तुम्हाला कोणी विचारलंच नाही, आणि खरं सांगू का, तुम्हीही स्वतःला विचारलं नाही.

विचारलं नाही कसं म्हणा, फॉर्ममध्ये उत्तर आहे की. प्रपोजल फॉर्मचं तिसरं पान मोठं करून बघा. व्यवसाय, कन्सल्टंट. वार्षिक उत्पन्न, १८ लाख. सगळं टाइप केलेलं आणि खाली तुमची मराठीतली सही. ज्या माणसाने महिन्याभरापूर्वी ग्रॅच्युइटीचा चेक त्याच शाखेत भरला त्याचं उत्पन्न १८ लाख? तुम्ही हे पान वाचलं नसणार याची मला खात्री आहे, कोणीच वाचत नाही, पण हेच पान आता तुमच्या कामाचं आहे.

तर करायचं काय. पहिलं काम आजच, आणि ते अगदी साधं आहे. हप्ता ऑटो डेबिटने जातो, तेव्हा नोव्हेंबरची वाट न बघता शाखेत जाऊन ते मॅन्डेट बंद करा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आरएम गोड बोलून चहा पाजेल, "सर तीन हप्ते झाले की मग बघू" म्हणेल. नाही बघायचं. पैसे गेले की त्यांच्याकडून परत मिळवायला घाम फुटतो, त्यापेक्षा आधीच अडवलेले बरे.

दुसरं, विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. लांबलचक कहाणी नको. मी रिटायर्ड आहे, फॉर्ममध्ये उत्पन्न आणि व्यवसाय चुकीचा भरलाय, मला एफडीसारखं म्हणून विकलंय, पॉलिसी पहिल्यापासून रद्द करून १२ लाख परत द्या. सोबत तो लिहून दिलेला कागद, आरएमचे व्हॉट्सॲप मेसेज, पीएफ आणि ग्रॅच्युइटी जमा झाल्याचं स्टेटमेंट. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत परत करता येते ती मुदत केव्हाच गेली, तेच कारण ते पुढे करतील. शिवाय तुम्हाला आलेला व्हेरिफिकेशन कॉल ऐकवतील ज्यात तुम्ही सगळ्याला हो हो म्हणालात. म्हणू देत. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालांकडे जायचं, पुण्यात आणि मुंबईत ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, नकार आल्यापासून वर्षाच्या आत मात्र जा. बारा लाख परत मिळतीलच असं मी म्हणत नाही. पण रिटायर्ड माणसाच्या नावावर १८ लाख उत्पन्न हा मुद्दा ताकदीचा आहे.

आणि नाहीच मिळाले तर? सरेंडर करायची, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद करून मिळेल ते घ्यायची, घाई करू नका, हे महत्त्वाचं आहे कारण रागाच्या भरात लोक हेच करतात. दोन हप्त्यांनंतर किमान सरेंडर ३० टक्के, म्हणजे १२ चे ३ लाख ६० हजार. नियम आता जरा बरे झालेत, स्पेशल सरेंडर व्हॅल्यू त्याहून जास्त निघू शकते, तो आकडा लेखी मागा. दुसरा मार्ग पेड-अप, म्हणजे पुढे भरायचं नाही, पॉलिसी तशीच ठेवायची, आणि दहापैकी दोन हप्ते भरले तर साधारण त्याच प्रमाणात इन्कम मिळतं. ९.६ चा पाचवा भाग १ लाख ९२ हजार, ७२ पासून दहा वर्ष. आजच्या भावात, ७ टक्के धरून, त्याची किंमत सव्वासात लाखांच्या आसपास. म्हणून हिशोब सोपा, सरेंडरचा आकडा ७ च्या बराच खाली आला तर पेड-अप करून विसरून जा. नुकसान आहेच, पण ते होऊन गेलंय, त्याच्यामागे अजून ४८ लाख पाठवायचे नाहीत.

मेडिक्लेमचं तुम्ही एका ओळीत संपवलंत, "कंपनीचा होता, आता गरज नाही, दोघेही ठणठणीत, फक्त हिची बीपीची गोळी". बीपीची गोळी असताना ठणठणीत हा आपला खास शब्द आहे. आत्ताच घ्या, बीपी लपवू नका, आधीच्या आजारासाठी थांबायची मुदत आता जास्तीत जास्त ३ वर्ष आहे, ती जितकी लवकर सुरू होईल तितकं चांगलं. वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून गेलाय, तेवढं तरी स्वस्त झालं.

आता बोट. आता बोलू, कारण मलाही हाच विषय आवडतो.

मी आणि बायको २०२३ च्या ऑक्टोबरात याच मार्गाने गेलो होतो. सगळ्यात खालची केबिन घेतली होती, खिडकी उंचावर आणि न उघडणारी, पाण्याच्या जरा वर. सकाळी डोळे उघडले तर काचेपलीकडे हंस, अगदी नजरेसमोर, आमच्याकडे बघत. वरच्या मजल्यावर फ्रेंच बाल्कनीवाल्यांनी बरेच जास्त पैसे मोजले होते, आणि व्हिएन्नाला धक्क्यावर जागा नसते म्हणून दुसरं जहाज शेजारी चिकटून बांधलं, त्यांची बाल्कनी उघडली की समोरच्या जहाजातला माणूस दाढी करताना दिसायचा. दिवसा सगळे गच्चीवरच असतात. तेव्हा बाल्कनीचं डोक्यातून काढा.

सुख आहे, नाही म्हणत नाही. बॅग एकदा उघडायची, गाव आपल्याकडे येतं. गाब्चिकोवोच्या लॉकमध्ये, म्हणजे पाणी सोडून जहाज खाली-वर करणाऱ्या बंद कप्प्यात, एवढं मोठं जहाज पाच-सहा मजले खाली उतरतं आणि चहाचा कप हलत नाही, हे काकूंनी बघावं असं मला मनापासून वाटतं. पण एक गोष्ट कोटेशनमध्ये कळत नाही, जहाज बराचसा प्रवास रात्री करतं. म्हणजे पैसे नदीचे आणि नदी झोपेत जाते. दिवसा बघायलाच हवा असा पट्टा म्हणजे ऑस्ट्रियातलं वाखाउ, मेल्क ते क्रेम्स, ३५-३६ किलोमीटर, दोन्ही बाजूला द्राक्षाचे मळे आणि जर्दाळूच्या बागा, आणि तिथे एप्रिल ते ऑक्टोबर दिवसाची बोट चालते, तिकीट काढून कोणीही बसावं.

साडेनऊवर अजून काय लागतं तेही बघा. जहाजावर टिप माणशी रोजची १०-१५ युरो सुचवतात, युरो शंभरीच्या वर गेलाय, दोघांचे सात दिवसांचे १५-२० हजार. टीसीएस, म्हणजे परदेशी टूरच्या पैशावर आगाऊ घेतला जाणारा कर, कापतील, दर बजेटनुसार बदलतो म्हणून बुकिंगच्या दिवशी विचारा, तो खर्च नाही, रिटर्न भरून परत मिळतो, पण तोपर्यंत अडकतो. आणि पाणी कमी किंवा जास्त झालं तर जहाजाऐवजी बसने नेतात. २०१८ आणि २०२२ मध्ये पाणी इतकं खाली गेलं होतं की बऱ्याच क्रूझचे मार्ग बदलावे लागले, सप्टेंबर २०२४ मध्ये उलट पूर आला. बसने नेलं तर सहसा परतावा नाही. जहाजवाले निदान हे ब्रोशरमध्ये छापतात तरी.

माझं उत्तर, साडेनऊची क्रूझ नको. पॉलिसीत अडकलेले सोडले तर तुमच्याकडे ६० लाख आहेत, ते दोघांना निदान २५ वर्ष पुरवायचेत, आणि आजचे ४५ हजार तुम्ही ७२ चे व्हाल तेव्हा ८० झालेले असतील. साठातले साडेनऊ नाही काढायचे. पण जाऊ नका असंही मी म्हणणार नाही, काकूंचे गुडघे अजून चालतायत तोवर जा. विमान १ लाख ४०, नऊ रात्री साधी चांगली हॉटेलं १ लाख, व्हिसा आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स ३० हजार, खाणंपिणं ८०, रेल्वे, बोटी, तिकिटं ५०. झाले चार लाख, वर २५ हजार हाताशी ठेवा. हे पैसे बचत खात्यातल्या त्या ६ लाखांतून घ्या जे नोव्हेंबरात जाणार होते. उरतील त्यात मेडिक्लेमचा पहिला प्रीमियम आणि या वर्षीची तूट. एफडीला हात लावायचा नाही, काकू ६० च्या झाल्या की ती त्यांच्या नावाने सीनियर सिटिझनमध्ये टाकायचीय.

मे अखेर किंवा जून घ्या. व्हिएन्ना ४ रात्री, क्रेम्स २, बुडापेस्ट ३. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा बोटीने सव्वा-दीड तास, एका दिवसात जाऊन येता येतं. व्हिएन्ना ते बुडापेस्ट रेल्वे पावणेतीन तासांच्या आत, तिकीट आधी काढलं की बरंच स्वस्त. बुडापेस्टला संध्याकाळची तासाभराची बोट घ्या, पार्लमेंटचे दिवे त्याच पाण्यातून दिसतात. व्हिसा एकच, शेंगेन, फी माणशी ९० युरो, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. इन्शुरन्स किमान ३० हजार युरोचा, आणि तिथेही बीपी लिहायचं. टूर कंपनीच्या ३१ तारखेला फोन आला तर उचलू नका.

एक शेवटचं काकूंसाठी. वाखाउची बोट क्रेम्सहून मेल्ककडे जाणारी घ्या, उलटी नाही. प्रवाहाविरुद्ध जाते म्हणून तीनेक तास लागतात, येताना तेच अंतर पावणेदोन तासांत संपतं. उजव्या बाजूला बसा, थोड्याच वेळात ड्युर्नश्टाइनचा निळा-पांढरा मनोरा येईल आणि वर डोंगरावर तो पडका किल्ला जिथे इंग्लंडच्या रिचर्ड राजाला कैदेत ठेवलं होतं. मेल्क मात्र डावीकडे येतं, तेव्हा शेवटी जागा बदला. तिथे जर्दाळूचे उकडलेले गोळे मिळतात, वरून लोण्यात परतलेला ब्रेडचा चुरा, मारिलेनक्न्योडल म्हणतात, आमच्या हिने पहिला घास घेतला आणि म्हणाली, पारी जाड आहे पण मोदकच आहे.

फॉर्मचं तिसरं पान नीट स्कॅन करून मला पाठवा, मोबाइलचा फोटो तिरका आलाय, तारीख वाचता येत नाहीये.