मुलीला माल वाहतुकीच्या सरकारी प्लॅनिंगमध्ये जायचंय, मग एमपीएससीच करायची का?

निफाडहून एका वडिलांचं पत्र आलंय. घरचे दोन ट्रक आहेत, कांदा वाशी मार्केटला जातो, मुलगी बारावी सायन्सला, मॅथ्स चांगलं. ती म्हणते की रस्ते, बंदरं, गोडाऊन कुठे हवेत हे सरकारात जे ठरवतात ते काम मला करायचंय. वडील विचारतायत, असा काही कोर्स असतो का, की एमपीएससीच्या क्लासला घालू?

नमस्कार भाऊ,

आधी क्लासचं सांगतो, आत्ता नका घालू. परीक्षेला ग्रॅज्युएशन लागतंच, आणि हे काम नुसत्या जीकेवर होत नाही, त्याला शिक्षण लागतं.

कोर्सचं नाव बी.प्लॅन, म्हणजे बॅचलर ऑफ प्लॅनिंग. त्यासाठी जेईई मेनचा पेपर २बी असतो, बहुतेकांना हा पेपर असतो हेच माहीत नसतं. बारावीला मॅथ्स हवं. दिल्ली, भोपाळ, विजयवाड्याला स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर आहेत, पुढे दिल्लीत ट्रान्सपोर्ट प्लॅनिंगमध्येच मास्टर्स करता येतं. दुसरा रस्ता सिव्हिल इंजिनिअरिंग करून मग ट्रान्सपोर्टेशनकडे वळायचा, तोही चांगलाच. वडोदऱ्याला रेल्वे मंत्रालयाचं गतिशक्ती विद्यापीठ आहे, २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठ, तिथे लॉजिस्टिक्स शिकवतात, त्याची वेबसाइट नक्की बघा.

आता काम काय असतं ते, कारण तुम्हाला ते माझ्यापेक्षा लवकर कळेल. तुमच्या ड्रायव्हरला कधीतरी हायवेवर पोरांनी थांबवून विचारलं असेल ना, माल काय, कुठून आला, कुठे चाललाय? तो ओ-डी सर्व्हे, म्हणजे ओरिजिन-डेस्टिनेशन, माल कुठून कुठे जातो त्याची पाहणी. असे हजारो ट्रक मोजून मग ठरतं की रस्ता किती लेनचा लागेल, ट्रक टर्मिनल कुठे हवं, कुठला माल रेल्वेवर जाऊ शकतो. आणि या सगळ्यातला सगळ्यात अवघड प्रश्न तुमच्या घरात रोजच असतो, परतीचं भाडं! वाशीहून गाडी रिकामी आली की डिझेल जळतं, टोल लागतो आणि तो खर्च शेवटी जातानाच्या कांद्यावर पडतो. जाता-येता माल कसा मिळेल हे एका गाडीसाठी तुम्ही बघता, प्लॅनर ते अख्ख्या जिल्ह्यासाठी बघतो.

केंद्राने १३ ऑक्टोबर २०२१ ला पीएम गतिशक्ती सुरू केलं ते याच कारणासाठी, रस्तेवाले, रेल्वेवाले, बंदरवाले सगळ्यांची कामं एकाच नकाशावर दिसावीत, म्हणून तिला जीआयएस म्हणजे कॉम्प्युटरवरचं नकाशाचं काम शिकावंच लागेल. तुमच्या जवळचंच उदाहरण घ्या, ऑगस्ट २०२० मध्ये देशातली पहिली किसान रेल, म्हणजे शेतमालाची गाडी, देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला गेली, तर गाडी कुठे थांबवायची, कुठल्या स्टेशनवर किती माल चढेल हे आधी कोणीतरी बसून काढावं लागतंच. पुढे वाढवण बंदर येतंय पालघरला, खर्च ७६ हजार कोटींच्या वर, तिथून माल आत-बाहेर कसा जाणार यावर बरीच वर्षं काम लागणार आहे.

नोकरीचं खरं सांगतो. थेट सरकारी जागा कमी असतात, सर्व्हे आणि रिपोर्टचं बरंच काम सरकार कन्सल्टंट कंपन्यांकडून करून घेतं आणि सुरुवात बहुतेकांची तिथेच होते, त्यात वाईट काही नाही, उलट शिकायला तिथेच मिळतं. एमपीएससीतून नगररचनेच्या पोस्ट निघतात, त्याला प्लॅनिंग किंवा सिव्हिलची डिग्री चालते, म्हणजे तुमच्या मनातला रस्ताही बंद होत नाही.

परीक्षा झाली की सुट्टीत तिला तुमच्या दोन्ही गाड्यांची वही ठेवायला सांगा. कधी निघाली, किती टन माल, मार्केटला किती तास उभी, परत भरून आली की रिकामी. दोन महिन्यांचं झालं की ती वही मला पाठवा, मी तिच्याशी फोनवर बोलेन.