मसुराकार दीर्घिकेत नवे तारे जन्मत नाहीत म्हणतात, मग एनजीसी १२२२ मध्ये इतके कसे?

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, अर्धवट आहे. मसुराकार म्हणजे इंग्रजीत 'लेंटिक्युलर', भिंगाच्या आकाराची, आणि 'लेन्स' हा शब्दच मुळात लॅटिनमधल्या मसुरावरून आलाय. मधे फुगीर, कडेला चपटी, सर्पिल बाहू गायब. तारे घडायला थंड वायू लागतो. अशा बहुतेक दीर्घिकांमधला तो संपलेला असतो, म्हणून उरतात ते जुने, पिवळसर तारे.

पण मसुराकार हे नाव पडलं आकारावरून. आत वायू किती शिल्लक आहे, ते त्यातून कळत नाही. यमुना तारकासमूहातली एनजीसी १२२२ सुमारे ११ कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि सध्या दोन छोट्या दीर्घिका गिळतेय. त्यांचा वायू आत येतो, ढग एकमेकांवर आदळून दाबले जातात, स्वतःच्याच वजनाने कोसळतात आणि तारे पेटतात. चूल जुनीच, सिलिंडर शेजाऱ्यांचा! हबल अवकाश दुर्बिणीच्या फोटोत निळे ठिपके दिसतात ना, तोच पुरावा. निळे तप्त तारे काही कोटी वर्षांतच संपतात, म्हणजे ते जन्मले अगदी अलीकडे.

नागपुरातून १२२२ च्या नादी लागू नका, फार फिकी आहे. त्यापेक्षा नरतुरंग तारकासमूहातली सेंटॉरस ए ही दीर्घिका बघा. काहीजण तिला लंबवर्तुळाकार म्हणतात, काहीजण मसुराकार. हा वाद जुना आहे. पण तिनेही एक दीर्घिका गिळलीय आणि तिच्या धुळीच्या पट्ट्यात तारे जन्मताहेत. मेच्या मध्यात रात्री दहाच्या सुमारास ती दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम २६ अंशांवर असते. शहरात तिथे नुसता दिव्यांचा उजेड, म्हणून मी पेंच व्याघ्र प्रकल्पाकडे गेलो (२०२४ मध्ये त्याला डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचं आकाश काळोखं राखणाऱ्या जागेचा दर्जा मिळाला, तो उगाच नाही). आधी ओमेगा सेंटॉरी हा धूसर तारकागुच्छ शोधला, मग हात लांब करून तीन बोटं वर. आठ इंची दुर्बिणीत आधी नुसता कापसाचा बोळा दिसला. डास मारत दहा मिनिटं डोळा लावून बसलो, तेव्हा कुठे बोळ्याच्या मधोमध काळी फट उमटली.

ती फट म्हणजे गिळलेल्या दीर्घिकेची धूळ. निळे तारे मात्र आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्यासाठी फोटोच हवा.